प्रत्यक्ष भेट : होय

“पान बेचाळीस काढा सर,” रत्नदीप म्हणाला. “खालून दुसरा परिच्छेद.”

शिवयोगी कलशेट्टींना पान काढायची गरजच नव्हती. ती पुस्तिका त्यांना तोंडपाठ होती. तरीही पाहुण्याचं मन राखायचं म्हणून त्यांनी चष्मा पुसला, पुस्तिका मांडीवर घेतली आणि बोट लावून पानं उलटायला लागले. आतून शिऱ्याचा वास येत होता. बायकोला, काशम्माला, त्यांनी सकाळीच सांगून ठेवलं होतं, माझा वाचक येतोय, नुसत्या चहावर बोळवण नको.

आदल्या संध्याकाळी फोन आला होता. “गावांच्या नावांची पुस्तिका लिहिलेले कलशेट्टी सर तुम्हीच ना? भेटायचं होतं.” बास, तेवढ्यानं माणूस हरखून गेला. एकतीस वर्षांत असा फोन पहिल्यांदाच आला होता. सकाळी इस्त्रीचा शर्ट काय घातला, गालाला दोनदा ब्लेड काय लावलं, विचारू नका.

त्यांचं हरखणं खोटं नव्हतं. चौतीस वर्षं नोकरी केली, बढती मिळाली एकच. साहेबांच्या नजरेत भरावं असं काही कधी घडलं नाही. एकदाच, चौऱ्याण्णव साली, मंगळवेढा तालुक्यातल्या गावांना नावं कशी पडली याची माहिती गोळा करायचं काम कचेरीने त्यांच्यावर टाकलं. त्यातून चौसष्ट पानांची ती पुस्तिका निघाली. शेवटच्या पानावर तळाला छापलं होतं, ‘संकलन : शि. म. कलशेट्टी, कनिष्ठ लिपिक’. तिच्या पाच प्रती जुळे सोलापुरातल्या त्यांच्या घरी कपाटात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवल्या होत्या. लेकीच्या लग्नात व्याह्यांना आहेर केला तेव्हा धोतराच्या घडीत त्यांनी एक प्रत घातली होती. काशम्मा आजही त्यावरून हसतात.

पान बेचाळीस निघालं. रत्नदीप कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होता. तिशीचा, अंगाने काटक. साप्ताहिक सुट्टी काढून आला होता आणि खुर्चीच्या अगदी कडेला बसला होता.

“वाचू?” शिवयोगींनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता खणखणीत आवाजात सुरुवात केली. “भिमाचीवाडी. मरडगी गावच्या पेवातील ज्वारी दुष्काळात चोरून नेणाऱ्या भिमा नावाच्या बाईस गावकऱ्यांनी हद्दपार केले. तिने ओढ्यापलीकडे झोपडी बांधली. तीच वस्ती पुढे भिमाचीवाडी या नावाने ओळखली जाऊ लागली.”

“मी तिथला आहे सर,” रत्नदीप म्हणाला.

शिवयोगींचं बोट ओळीवरच राहिलं.

काशम्मा शिऱ्याच्या बशा घेऊन आल्या, ठेवून गेल्या. रत्नदीपने बशीला हात लावला नाही. तो भांडायला आला नव्हता. भांडला असता तर बरं झालं असतं, असं शिवयोगींना पुढे कितीतरी वेळा वाटलं.

“आता प्रत्येक गावाच्या वेशीवर फलक लागणार आहेत,” तो सांगत होता. “गावाचं नाव कसं पडलं त्याची हकीकत. मजकूर तुमच्या पुस्तिकेतून घेतलाय. आमचा फलक येऊन पडलाय, पोत्यात गुंडाळलेला आहे. पेरणी झाली की लावणार. शाळेच्या वाटेवरच. पोरं रोज येता-जाता वाचणार, आपण चोरट्या बाईचं गाव म्हणून.”

“अहो, पण इतिहास म्हटला की...”

“आमच्याकडं हकीकत वेगळीच सांगतात सर. तालुक्याच्या ऑफिसात सांगून बघितलं. साहेब म्हणाले, छापील आहे ते तोंडी बोलण्यावर बदलता येत नाही. लिहिणारे हयात आहेत, त्यांना विचारून या.” तो थोडा पुढे वाकला. “तुम्ही आमच्या गावात आला होता तेव्हा तुम्हाला हे कोणी सांगितलं? मला तेवढंच पाहिजे.”

आता बघा, खरं बोलायला माणसाला किती वेळ लागतो? ‘मी आलोच नव्हतो’, एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द. पण समोर पुस्तिका होती, अंगात इस्त्रीचा शर्ट होता, बशीत शिरा होता. कशावर पाणी सोडायचं?

“तुमच्याच गावातल्या एका म्हाताऱ्यानं,” ते म्हणाले.

“आमच्या गावातल्या?”

“हो. पारावर बसलो होतो आम्ही. एकतीस वर्षं झाली, नाव काही आठवत नाही बघा आता.”

“अर्ज, कागद काही?”

“तक्ते भरले होते की. वाळवीनं खाल्ले. कचेरीची जागा बदलली तेव्हा गेलं सगळं.”

 रत्नदीप उठला, वाकून नमस्कार केला, “बरं सर” म्हणाला आणि गेला. 

“शिरा तसाच ठेवला की वो त्यानं,” काशम्मा म्हणाल्या.

तक्ते वाळवीने खाल्ले होते हे मात्र खरं. शिवयोगींना ते आजही डोळ्यांसमोर दिसत. चार रकाने असत. गावाचे नाव. नावाची हकीकत. माहिती देणाऱ्याचे नाव. आणि शेवटचा रकाना, ‘प्रत्यक्ष भेट दिली काय?’ त्या रकान्यात त्यांनी सगळ्या गावांपुढे एकाच शाईने ‘होय’ लिहिलं होतं.

दिवस गेले आठ. शिवयोगी सकाळी फिरायला जात, पेपर वाचत, औषधाच्या गोळ्या घेत. आपण त्या विषयावर पडदा टाकला आहे, अशी त्यांनी स्वतःची समजूत करून घेतली होती. नवव्या दिवशी फोन वाजला.

“सर, रत्नदीप बोलतोय. त्रास देतोय, राग मानू नका. ते म्हातारे उंच होते का? डोक्याला पांढरा पटका, हातात छत्री?”

“का हो?”

“नाही, गावात लई चर्चा झाली. त्या काळात बाहेरून आलेल्या साहेब लोकांशी बोलणारा आमच्याकडं एकच माणूस होता. माझे आजोबा. सातवी शिकलेले. छत्री घेऊनच फिरायचे. बाकी कोणी पुढं यायचंच नाही. म्हणून लोकांचं म्हणणं पडलं, तेच असणार.” त्याने आवाज खाली आणला. “तेच होते का सर?”

तोंडात आलेला घास गिळावा की थुंकावा, असं शिवयोगींना झालं. नाही म्हणावं, तर मग कोण होतं? असा उंच, ठेंगणा, पटक्याचा, टोपीचा कोणी नव्हताच. एका खोट्याला आता दुसरं टेकू द्यायला उभं राहिलं होतं, आणि तेही न बोलावता.

“असतील,” ते म्हणाले.

 मग रत्नदीप म्हणाला, “आजीनं त्यांचा फोटो भिंतीकडं तोंड करून ठेवलाय सर. मी म्हटलं एकदा विचारून खात्री करतो. बरं. ठेवतो.”

शिवयोगींनी फोन खाली ठेवला. एक शब्द. उभ्या जन्मात कधी बघितलं नाही अशा मेलेल्या माणसाच्या कपाळावर त्यांनी एका शब्दात शिक्का मारला होता. शरमेने त्यांच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. बेसिनपाशी जाऊन त्यांनी तोंड धुतलं, आरशात बघायचं टाळून टॉवेल ओढला.

काशम्मा दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

“तुमी त्या वाडीला गेलाच नव्हतात,” त्या म्हणाल्या.

“तुला काय माहीत?”

“अय्यो, मला काय माहीत! उन्हाळ्याचे दिवस होते. पाचाच्या यष्टीनं आलात. उपरण्यात आंबे बांधून आणलेले, मरडगीच्या पाटलानं दिलेले. जेवून आलो म्हणालात, शेंगाची पोळी होती, वर आमरस होता, निंबाखाली झोप काढली. आणि म्हणालात, पुढच्या वाडीला जायचं होतं पण नाही गेलो, बरं झालं. मी आंबे अढीत घालत होते, मला सगळं लक्षात आहे की.”

“ऊन होतं काशम्मा. भट्टीसारखं तापलं होतं.”

“मधी ओढा तेवढा होता म्हणाला होतात.”

 ऊन होतंच. पण ऊन मरडगीतही होतं, आणि त्याच उन्हात ते आधी फाट्यापासून दीड मैल चालत आले होते. पाटलाने पान जुळवत विचारलं होतं, “तितं जाऊन काय करताय? समदी ती लोकं. पानी कुटं पिनार तुमी? बसा हितंच, मी सांगतो की तुमाला भिमीची कथा.” शिवयोगींनी वही उघडली होती. पाणी कुठं पिणार, या सवालाने त्यांची सुटका झाली होती. ही गोष्ट त्यांनी काशम्माला सांगितली नव्हती, इतकंच काय, स्वतःच्या मनातही तिला कधी उन्हातून बाहेर काढलं नव्हतं.

“त्या बाईनं नवऱ्याचा फोटो भिताडाला फिरवलाय,” काशम्मा म्हणाल्या. “जाऊन या.”

“जाऊन काय सांगू? सगळ्यांसमोर?”

“मग काय, तिला एकटीलाच कोपऱ्यात बोलावून सांगणार होय? बट्टा सगळ्यांसमोर लागलाय.”

बोलता बोलता त्यांनी पिशवीत पाण्याची बाटली घातली. शिवयोगींनी ती बाहेर काढून ठेवली. काशम्मांनी त्यांच्याकडे बघितलं, पण विचारलं काही नाही.

मंगळवेढ्यापर्यंत एसटी, तिथून मरडगी फाट्यापर्यंत वडापची जीप. जीपमध्ये बारा माणसं कोंबलेली, कडेला शिवयोगी. वय वर्षं एकोणसत्तर. तीनदा वाटलं, उतरावं आणि परतीची गाडी धरावी. रत्नदीपला त्यांनी येतो म्हणून कळवलं होतं, हेच बरं झालं. नाहीतर हा गडी काही पोचला नसता.

रत्नदीप फाट्यावर उभा होता. त्याने पिशवी घेतली. मरडगी डाव्या हाताला सोडून दोघं ओढ्यात उतरले. गुडघाभर बाभळी, मधे पाण्याची एक धार. पार व्हायला शिवयोगींना सात मिनिटं लागली. त्यांनी घड्याळ बघितलं होतं.

चढणीवरच फलक पडला होता. दोन लोखंडी पाय आणि वर पोत्यात बांधलेला पत्रा. काळ्या जमिनीला पेरणीआधीच्या कुळवाच्या पाळ्या घालून झाल्या होत्या. वाडी चाळीस-पन्नास घरांची, पत्र्याची, काही स्लॅबची. मधोमध बुद्धविहार, समोर फरशी घातलेली मोकळी जागा. तिथे माणसं जमली होती. उद्या ज्वारीची पेरणी धरायची होती, त्यामुळे बाहेरगावी कामाला असलेलेही आले होते.

मीनाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. पंच्याऐंशीच्या पुढच्या, केस पांढरेफटक, पण डोळा तल्लख. रत्नदीपने सांगितलं, “आजी, हे कलशेट्टी सर.”

“बसा साहेब. पानी घेनार न्हवं?” त्यांनी विचारलं. विचारण्यात काही खोच नव्हती. उन्हातून आलेल्या माणसाला विचारतात तसंच.

कोणीतरी तांब्या आणला. शिवयोगींनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि उभ्या उभ्या घटाघटा प्यायला. रिकामा तांब्या हातातच राहिला.

“हे पाणी प्यावं लागेल म्हणून मी तेव्हा आलो नव्हतो,” ते म्हणाले.

आपण हे बोलू असं त्यांनाही वाटलं नव्हतं. वाटेत जुळवून आणलेली वाक्यं निराळी होती. कामाचा ताण, उन्हाळा, वरिष्ठांची घाई. ती सगळी कुठल्याकुठे गेली.

“एकतीस वर्षांपूर्वी मी मरडगीत पाटलाकडं जेवलो. त्यांनी सांगितलं ते लिहून घेतलं. ओढा ओलांडला नाही. तुमच्या गावातल्या कुणाशीही मी कधी बोललो नाही. म्हातारा वगैरे कोणी नव्हता. रत्नदीप विचारायला आले तेव्हा मी खोटं बोललो. मग फोन आला तेव्हा आणखी खोटं बोललो.” ते मीनाबाईंकडे वळले. “तुमच्या मालकांना मी कधी बघितलंसुद्धा नाही, बाई.”

कोणी शिवी दिली असती तर त्यांनी झेलली असती. एक तरणा पोरगा तावातावाने उठलाही होता, पण मीनाबाईंनी हात वर केला तसा तो बसला.

“म्हंजी आमच्या मालकानं न्हाय सांगितलं?”

“नाही.”

“कायबी?”

“एक अक्षर नाही.”

मीनाबाई भिंतीला धरून उठल्या. कोणी हात द्यायला गेलं, तो झिडकारला. समोरच्याच घरात गेल्या. दार उघडं होतं, सगळ्यांना आत दिसत होतं. खुंटीवरची तसबीर त्यांनी खाली घेतली, पदराने पुसली आणि सरळ करून टांगली. जरा वाकडी झाली म्हणून पुन्हा नीट केली. मग तिच्यासमोर तशाच उभ्या राहिल्या, पाठमोऱ्या. बराच वेळ.

परत आल्या तेव्हा त्यांनी शिवयोगींकडे बोट केलं.

“भिमा जाऊन लई वर्सं झाली. तिला कोन काय म्हनतं, आमी ऐकत आलो. मरडगीची लोकं बाजारात म्हनत्यात, आमी ऐकतो. पर ह्ये माजं मानूस हुतं की वो. साठ वर्सं संगं काढली. धा दिस मी त्यास्नी भिताडाकडं तोंड करून ठिवलं. भाकरी खाताना पाठ बघत हुते त्यांची. ह्येचं काय करनार तुमी?”

शिवयोगींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. एवढ्या माणसांत, बायाबापड्यांसमोर. पुसायचं सुचलं नाही.

“काही करता येणार नाही,” ते म्हणाले. “मी लिहून देतो. फलकाचं तरी थांबेल.”

“लिवा,” मीनाबाई म्हणाल्या. “पर आता आदी ऐका. तवा ऐकलं न्हाय त्ये.”

त्या खाली बसल्या आणि सांगायला लागल्या. शिवयोगींनी वही काढली.

“भिमा आमच्यातली. तवा आमची घरं मरडगीलाच हुती, गावाच्या कडंला. दुष्काळ पडला. गावाचं पेव उगडायचं ठरलं. पेव ठावं हाय न्हवं? जमिनीत खोल खड्डा, आत ज्वारी. वर्सानुवर्सं झाकून ऱ्हायलं की आतली हवा इषारी हुती. म्हनून आदी कंदील सोडत्यात दोराला. वात जळत ऱ्हायली तर मानूस उतरतं. इझली तर तोंड उगडं टाकून दोन दिस थांबायचं. दुष्काळात थांबतंय कोन? गावातलं म्हनाले, त्याल कशाला जाळायचं? भिमाला सोडा.”

 ही हकीकत सगळ्यांना पाठ होती, तरी ऐकत होते.

“दोर गावाच्या हातात. भिमा आत. तीन पाट्या ज्वारी भरून वर दिली तिनं. चवथ्याला दोर वढला त्यो हलका आला. तिला काडायला कुनी उतरंना. ज्वारी तेवडी वाटून घेतली. तिच्या घरच्यास्नी वाटा द्यायला आले, तर त्यांनी न्हाय घेतला. त्याच दिशी आमची समदी घरं उटली आन् वढा वलांडला. म्हनून ही भिमाची वाडी. तिनं चोरलं न्हाय कायबी. तिचंच चोरलं.”

शिवयोगींनी शब्द न् शब्द लिहिला. माहिती देणाऱ्याचे नाव, मीनाबाई. मग वेगळ्या कागदावर निवेदन लिहिलं. ‘पान ४२ वरील मजकूर मी ऐकीव माहितीवर लिहिला. तक्त्यात प्रत्यक्ष भेट होय असे नमूद केले, ते असत्य आहे.’ खाली सही केली. सहीखाली सवयीने ‘कनिष्ठ लिपिक’ असं लिहायला हात वळला होता. त्यांनी तो आवरला.

रत्नदीपने कागद वाचला, घडी घालून खिशात ठेवला.

“सर, एक विचारू? अजून किती गावं अशी?”

शिवयोगींनी मनात मोजायचं नाटक केलं नाही. आकडा त्यांना माहीत होता. एकतीस वर्षं माहीत होता.

“अकरा.”

रत्नदीप त्यांच्याकडे बघत राहिला. 

उन्हं कलली तशी माणसं उठली. पेरणीच्या आदल्या दिवशी वाडीत एक रीत होती. विहाराच्या मागे वाडीचं स्वतःचं जुनं पेव होतं. आता धान्य पत्र्याच्या कणगीत असतं, पेव रिकामंच पडलेलं. पण वर्षातून एकदा त्याच्या तोंडावरची शिळा सरकवायची, कंदील पेटवून दोराने तळापर्यंत सोडायचा आणि जळता वर काढायचा. तो जळता वर आला की मगच उद्याच्या पेरणीची पाभर बाहेर निघायची.

“चला,” मीनाबाई शिवयोगींना म्हणाल्या. “बघून जावा.”

चौघांनी पहार घालून शिळा सरकवली. आतून थंडगार, जुन्या मातीचा वास आला. पोरीबाळी, म्हातारे, सगळे गोल करून उभे राहिले. मीनाबाईंनी काच पुसून कंदील पेटवला, वात मोठी केली. दोर एकाने शेजारच्याकडे, त्याने त्याच्या शेजारच्याकडे असा सगळ्या गोलातून फिरत गेला. ज्याच्यापाशी आला त्याने तो धरला. लहान पोरांनीसुद्धा. शिवयोगींच्या शेजारी रत्नदीप होता. दोर रत्नदीपच्या हातात आला आणि पुढे सरकायला लागला.

शिवयोगींनी हात पुढे केला. काही विचार करून नव्हे. सगळे धरत होते म्हणून, आणि खरं सांगायचं तर, धरू दिलं असतं तर छातीवरचा दगड थोडा हलला असता म्हणून.

“न्हाय साहेब,” मीनाबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. “ह्यो दोर भाईरच्याच्या हातात देत न्हाय आमी.”

रत्नदीपने मान खाली घातली आणि शिवयोगींना वळसा घालून दोर पलीकडच्या बाईकडे दिला. तिने तो घेतला. गोल पुरा झाला. शिवयोगी एक पाऊल मागे सरकले.

कंदील खाली गेला. पेवाच्या भिंती पिवळ्या झाल्या, मग उजेड लहान होत होत तळाला जाऊन थांबला. सगळे वाकून बघत होते. शिवयोगींना मागून काहीच दिसत नव्हतं, पुढच्यांच्या पाठी तेवढ्या दिसत होत्या. आपले हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळेना. साहेबांसमोर उभं राहताना ठेवत तसे त्यांनी ते पाठीमागे बांधले.

“वढा,” मीनाबाई म्हणाल्या.

दोर सगळ्यांच्या हातांतून हळूहळू मागे यायला लागला.